रुसव्यात दिलेलं घड्याळ

बाबांचं घड्याळ मी धाकट्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाला काढून दिलं. त्या पंगतीत जी भीती मनात शिरली, ती पुढं कित्येक वर्षं हलली नाही.

बाबा बस चालवायचे. आधी निजामाच्या बसवर होते. पोलीस ॲक्शन झाली, गाड्यांवरची पाटी बदलली, रस्ते आणि बाबा तेच राहिले. ते घड्याळ त्यांनी हैदराबादेहून आणलेलं. पांढरी तबकडी आणि काचेवर एक बारीक चीर. शेवटच्या आजारपणात त्यांनी ते स्वतःच्या हातानं माझ्या मनगटावर बांधलं, कारण घरात मुलगा नव्हता आणि कमावती मीच होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते मी. मोच्याकडून पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून घेतलं, तरी घड्याळ कोपराकडं घसरायचंच. सोबतच्या बाया चिडवायच्या, नवरा नाही तर निदान पुरुषाचं घड्याळ तरी घातलंस. मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हते. तुमच्या बापाचं काय जातं, म्हणायचे.

लग्न पडेगावला, मामाच्या दारात होतं. मुलगा फुलंब्रीचा, घरची शेती, शिकलेला. आमच्याकडं नवरदेव जेवणाच्या पंगतीत रुसतो. ताटाला हात लावत नाही. मग मुलीकडच्यांनी विनवण्या करायच्या, हातावर काहीतरी ठेवायचं, की तो हसतो, घास घेतो आणि मांडवात हशा होतो. थट्टेची रीत आहे, दुसरं काही नाही.

मामानं अंगठी पुढं केली. नवरदेवानं मान हलवली आणि माझ्या मनगटाकडं बघितलं. मी हसून टाळलं, हे माझ्या बाबांचं आहे, दुसरं काही मागा म्हटलं. तो काही बोललाच नाही. भात गार झाला, शेजारची ताटं खोळंबली, पोरं भुकेनं रडायला लागली. रुसलेल्या नवरदेवाच्या ओठांवर लपवलेलं हसू असतं. याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बहीण शेजारी मान खाली घालून बसलेली. मामा माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "पोरीच्या संसाराला पहिल्याच दिवशी गालबोट लावू नको. दे काढून."

दिलं. त्यानं ते कानाला लावलं, मनगटावर बांधलं आणि जेवायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो तरीही हसला नाही. माझ्या मनात भीती शिरली ती तेव्हा. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात ना, अगदी तसं मला वाटलं, पण लग्नघरात असलं बोलायचं कुणाजवळ?

पंचमीला बहीण माहेरी आली ती निम्मी होऊन. भाजी निवडतानासुद्धा मधेच दचकायची आणि किती वाजले म्हणून विचारायची. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. ती विहिरीवर निघाली की तो घड्याळ बघायचा, परत आली की पुन्हा बघायचा. पाण्याला किती वेळ, दळणाला किती, शेजारणीच्या दारात किती, सगळं ठरलेलं. उशीर झाला की तेवढा वेळ तिनं दाराबाहेर उभं राहायचं, सगळ्या गल्लीसमोर. आणि पंगतीत केलं तसंच, मनाविरुद्ध झालं की जेवायचं नाही, बोलायचं नाही. सासू म्हणायची, माझा लेक उपाशी राहिला तर तुझ्यामुळं.

माझ्या बापाच्या घड्याळानं तो माझी बहीण मोजत होता. मामाला सांगितलं तर म्हणाला, नवरा वक्तशीर आहे, चांगलंच की, दारुडा असता तर? मी मामाला वाट्टेल ते बोलले. पण बहिणीला परत पाठवायची वेळ आली तेव्हा मीच तिला बसमध्ये बसवून दिली. तशीच पद्धत होती आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

त्यानंतर मला कामाचीच धास्ती बसली. आमच्या बोर्डावर गावागावांच्या लाइनीच्या बारीक झडपा असायच्या, कॉल आला की झडप पडायची. फुलंब्रीची पडली की माझ्या काळजात धस्स व्हायचं. त्यांच्या घरामागंच विहीर होती. त्या काळी विहिरीत पडलेल्या बायकांच्या बातम्या काय कमी यायच्या? व्यापारी कापसाचा भाव विचारत असायचा, माझं चित्त त्या विहिरीवर असायचं.

आणि एका दुपारी ती झडप पडली, मी नंबर विचारला, तर पलीकडून बहिणीचा आवाज.

"ताई, मी पोस्टात आहे. बाजारात पडेगावची मैत्रीण भेटली, बोलत बसले. घरी जायला लई उशीर झालाय."

बस, इतकंच. रडत नव्हती. तिचा तो सपाट आवाज ऐकून माझी गाळण उडाली. तिथंच बाकावर बस, घरी जाऊ नको, विहिरीकडं तर मुळीच जाऊ नको, मी निघालेच, असं काहीबाही बोलले आणि बोर्ड सोडून स्टँडकडं पळाले.

बसमध्ये जीव नुसता टांगणीला लागलेला. मनगट मोकळं, म्हणून जो दिसेल त्याला वेळ विचारत होते. शेजारी एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, त्यांनी शेवटी आपलं घड्याळच माझ्यासमोर धरलं आणि तसंच धरून ठेवलं. मला वाटत होतं, मी पोचेन तेव्हा बाक रिकामा असेल. ते घड्याळ मी दिलं नसतं तर, ते मी का दिलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ती बाकावर होती. भाजीची पिशवी मांडीवर धरून. मी तिला तशीच माझ्याकडं घेऊन आले.

आठवड्यानं तो आला. मामाकडं नाही, थेट माझ्या खोलीवर. चप्पल काढली नाही, पाणी घेतलं नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं घड्याळ सोडलं आणि तळहातावर ठेवून पुढं केलं.

"हे घ्या तुमच्या वडिलांचं. तिला पाठवा."

खोटं कशाला सांगू, माझा हात पुढं गेला. विचार करायच्या आत गेला. काचेवरची चीर दिसली आणि मला बाबा दिसले. पण क्षणभरच. मी हात मागं घेतला, तिला पाठवणार नाही म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं. त्यानं बाहेर दोनदा कडी वाजवली. मी दाराला पाठ लावून तशीच उभी राहिले. त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली, तेव्हा कुठं मी वळले.

बहीण कोपऱ्यात बसून पिशवीत आपली लुगडी भरत होती. माझा हात पुढं गेलेला तिनं बघितला होता.

मी पिशवी हिसकावून घेतली आणि तिच्यावर इतकी ओरडले की खालची शेजारीण धावत वर आली. वेडी आहेस का, कुठं निघालीस, तुला काय विकायला बसलेय का मी? ती शांतपणे ऐकून घेत होती. मी दम घ्यायला थांबले, तेव्हा तिनं हळूच विचारलं,

"मग घड्याळ का नाय घेतलंस, ताई? मी तयार होते ना."