शनिवारचं बटण

इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी साहेबांनी मला ऑफिसची किल्ली दिली, कॉफीचं मशीन दाखवलं आणि विचारलं, "ज्यू लोकांविषयी थोडंफार वाचायला देऊ का?"

"मी ज्यू आहे," मी म्हटलं. "अर्जात लिहिलं होतं."

"हो, हो. छान," ते म्हणाले आणि तरीही एक पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवून गेले.

त्यांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. मी ठाण्याची, सावळी, आडनावाच्या शेवटी 'कर'. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला एम.ए. करायला आल्यापासून 'मी ज्यू आहे' म्हटलं की समोरचा विचारायचा, "आईकडून की वडिलांकडून?" दोघांकडून, आणि त्यांच्या मागच्या सगळ्यांकडून, अगदी कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटून उतरले तेव्हापासून, असं सांगितलं की म्हणायचा, "किती इंटरेस्टिंग." इंटरेस्टिंग म्हणजे पटलेलं नाही, एवढं डच मला पहिल्याच वर्षी यायला लागलं होतं.

ऑफिस रॉटरडॅमजवळच्या एका लहान शहरात होतं. आम्ही तिघं. ज्यू लोकांच्या अडचणी सरकारदरबारी मांडायच्या, हे काम. मी मनात पार्लमेंट, मंत्री, निदान एखादा लाल गालिचा तरी धरून आले होते. मला मिळाला सिग्नल.

झालं होतं असं. शहरातल्या ज्यू वृद्धनिवासासमोरचा रस्ता खेमेंतेने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, नवा केला. पूर्वी पायी चालणाऱ्यांचा दिवा आपोआप हिरवा व्हायचा. आता बटण दाबल्याशिवाय होत नव्हता. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत आमचा शब्बाथ. तो कडक पाळणारे विजेच्या बटणाला हात लावत नाहीत. सिनेगॉग रस्त्याच्या पलीकडे. म्हणजे प्रार्थनेला निघालेली म्हातारी माणसं शनिवारी सकाळी अलीकडच्या फुटपाथवर अडकून पडायची.

"एवढी शिकलीस ती सिग्नलच्या बटणासाठी?" आईने फोनवर विचारलं.

"आई, धोरणात्मक काम आहे हे."

"बरं. झालं की सांग, मलिदा करते." आमच्याकडे कुठलंही काम फत्ते झालं की पोहे, गूळ, खोबरं आणि फळं एकत्र करून एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा होतो. सिग्नलसाठी झालेला मलिदा मात्र आमच्या घराण्यात पहिलाच ठरला असता.

पहिल्या शनिवारी मी पाहणीला गेले. ट्रेनने गेले, हे इथेच कबूल करते. आमच्या घरी शब्बाथ पाळतात, पण पंखा, बस आणि क्रिकेट यांना सूट आहे.

फुटपाथवर एकच बाई उभी होती. नव्वदीची, ताठ, डोक्यावर निळी हॅट, हातात काठी. बाकीच्या म्हाताऱ्यांनी कंटाळून जाणं सोडलं होतं. हिने सोडलं नव्हतं. दिवा लाल. रस्त्यावर चिटपाखरू नाही, कारण जुलैत तो देश कुलूप लावून तंबूत राहायला जातो.

"गाड्या नाहीत, जाऊ या ना," मी म्हटलं.

"लाल आहे," ती म्हणाली. देवाचा नियम आणि वाहतुकीचा नियम तिच्या लेखी एकाच कपाटात होते.

मग ती हवेकडे बघत म्हणाली, "आज हा दिवा फारच वेळ लाल आहे."

ही खुबी मला साहेबांच्या त्या पुस्तिकेमुळेच ठाऊक होती. शब्बाथला ज्यू नसलेल्याला 'बटण दाब' असं सांगायचं नसतं. आपण नुसतं बोलायचं, त्याने आपणहून समजून घ्यायचं. मी समजून घेतलं आणि बटण दाबलं. हिरवा झाला. ती टकटक काठी वाजवत पलीकडे पोचली.

"कितव्या मजल्यावर असतेस तू?" तिने विचारलं. मी वृद्धनिवासातली नर्स आहे असं तिने धरलं होतं.

"मी नर्स नाही. ऑफिसमधून आलेय. मी ज्यूच आहे, भारतातली."

"हो का? गोड आहेस," असं म्हणून तिने माझा हात थोपटला आणि ती आत गेली. ज्यू बाईने दाबलेल्या दिव्यावर ती रस्ता ओलांडूच शकत नव्हती. म्हणजे माझ्या बोलण्यावर तिने काडीचाही विश्वास ठेवला नव्हता.

पुढचे तीन शनिवार असेच गेले. ती हवेकडे बघून दिव्याची तक्रार करायची, मी बटण दाबायची, ती वेळेवर प्रार्थनेला पोचायची. मला राग यायचा. पण तिने विश्वास ठेवला असता तर ती अलीकडेच राहिली असती, म्हणून राग गिळून मी दर शनिवारी ट्रेन पकडायची.

जुलैच्या शेवटी खेमेंतेच्या समितीसमोर बोलायचं होतं. तिथं कुणीही नागरिक नाव नोंदवून बोलू शकतो, मात्र तीन मिनिटं. बोलणार साहेब होते, पण साहेब तंबू घेऊन फ्रान्सला गेले. म्हणाले, "तू बोल. थोडक्यात."

मी शाळेत वक्तृत्वाची ढाल दोनदा आणलेली मुलगी. रात्रंदिवस डच पाठ केलं. संध्याकाळी साडेसातला, बाहेर लख्ख उजेड असताना, मी माइकसमोर उभी राहिले. मागे बाकावर निळी हॅट दिसली.

"सन्माननीय अध्यक्ष महोदया," मी सुरुवात केली, "समितीचे सन्माननीय सदस्य, उपस्थित अधिकारी, वृद्धनिवासाचे रहिवासी आणि जमलेले नागरिक." मग सगळ्यांचे आभार. मग बोलण्याची संधी दिल्याबद्दल साहेबांचे, जे हजर नव्हते. मग मला लाभलेल्या भाग्याविषयी थोडंसं. सदस्य एकमेकांकडे बघू लागले. त्या सभागृहात कुणी कुणाचं इतकं कौतुक बहुधा केलंच नव्हतं. "आता मी मूळ विषयाकडे वळते," मी म्हटलं आणि घंटा वाजली.

"धन्यवाद," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. त्या काठीच्या टकटकीसाठी मिळालेली तीन मिनिटं मी आभार मानण्यात घालवली होती.

पण तिथं घंटेनंतर सदस्य प्रश्न विचारू शकतात. चष्मेवाल्या एका सदस्याला माझी दया आली असावी. त्याने विचारलं, "विषय काय आहे?"

मी दोन वाक्यांत सांगितला. मला दोन वाक्यांत बोलता येतं हे मलाही तेव्हाच कळलं.

"सध्या त्या बाई रस्ता कशा ओलांडतात?"

"मी बटण दाबते."

"पण तुम्ही ज्यू आहात ना?"

"आहे. पण कुणाला पटत नाही, म्हणून तर चालतंय," मी म्हटलं, आणि मग मला आवरेना. "माझे खापरपणजोबा कोकणात तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद. गिऱ्हाईक दारात येऊन ओरडलं तरी बंद. गावाला ज्यू म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. त्यांनी शनिवारी घाण्याला हात लावला नाही, आणि मी इथे येऊन दर शनिवारी बटण दाबतेय. तुम्ही तो दिवा आपोआप केलात तर मला घरी बसता येईल."

सदस्यांत थोडं हसू पसरलं. वाहतूक खात्याच्या बाईंनी लॅपटॉप उघडला. म्हणाल्या, हे पाच मिनिटांचं काम आहे, शनिवारपुरता बदल करता येतो, आजवर कुणी विचारलंच नव्हतं. फक्त ते करता येणारा एकुलता एक माणूस सुट्टीवर आहे, ऑगस्टअखेर येईल.

मी जिंकले होते. आईने नारळ आणायला माणूस पाठवला.

पुढच्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे पोचले. निळी हॅट उभी होती. दिवा लाल होता. ती हवेकडे बघून काहीच बोलली नाही. मला वाटलं, विसरली असेल. मी बटण दाबलं. हिरवा झाला. ती हलली नाही.

"हिरवा आहे," मी म्हटलं.

"बघतेय."

"मग चला ना."

"तू दाबलंस. तुझं मला चालणार नाही," ती म्हणाली. "आणि यापुढे दाबू नकोस. शनिवार आहे."

दिवा परत लाल झाला. माझ्या भाषणामुळे त्या बाईचा रस्ता महिनाभरासाठी बंद झाला होता, आणि मला मात्र भलताच आनंद झाला होता. साहेबांची पुस्तिका, 'आईकडून की वडिलांकडून', सगळं त्या लाल दिव्यापाशी संपलं. मी हात मागे बांधले आणि तिच्या शेजारी उभी राहिले.

"उशीर होईल तुम्हाला," मी थोड्या वेळाने म्हटलं.

"होऊ दे. तेल कसलं काढायचे ते?"

"तिळाचं."

तिने मान हलवली. पंधरा-वीस मिनिटांनी कोपऱ्यावर कुत्रा घेऊन एक माणूस आला. तिने मला कोपराने हळूच ढोसलं, आणि आम्ही दोघी हवेकडे बघत म्हणालो, "आज हा दिवा फारच वेळ लाल आहे."