परक्या तालुक्यातले दोन मैल

लोर्ना कुचेराची अठ्ठावीस वर्षं रस्त्यावर गेली, आणि तरी ती कुठेच गेली नव्हती. नेब्रास्काच्या गवताळ टेकड्यांत तिचा तालुका. त्यातले एकशे नव्वद मैल खडीचे रस्ते तिच्या ताब्यात. सकाळी सहाला ग्रेडरचं अवजड यंत्र बाहेर काढायचं, पोटाखालचं लांबलचक पातं जमिनीला टेकवायचं आणि बैलगाडीच्या चालीने रस्ता खरवडत, खडी सारखी करत हद्दीच्या पाटीपर्यंत जायचं. तिथे वळायचं आणि परत यायचं.

बाई ग्रेडर चालवणार म्हटल्यावर पहिल्या वर्षी लोक हसले होते. त्याच हिवाळ्यात तीन दिवस बर्फाचं वादळ झालं आणि म्हाताऱ्या झेलेंकाच्या छातीत कळ आली. पुढे लोर्ना बर्फ फोडत, मागे रुग्णवाहिका, असे अकरा मैल तिने काढले. झेलेंका त्यानंतर नऊ वर्षं जगला. हसणारे गप्प झाले, आणि खड्ड्यांच्या तक्रारी चर्चच्या दारात हक्काने सांगू लागले.

सगळ्यात मोठा तक्रारखोर मात्र घरातच होता. नवरा मिलो त्याच रस्त्यांवर टपाल वाटायचा. गाडीत समोर कॉफीचा कप ठेवायचा आणि संध्याकाळी जेवताना अहवाल द्यायचा.

"आज ओढ्याजवळच्या वळणावर कप हिंदकळला हं."

"कमी भरत जा," लोर्ना म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी तिचा ग्रेडर आधी त्याच वळणावर जायचा.

दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाली. मिलोच्या मनात पुष्कळ वर्षांपासून एकच होतं, मोंटानाचे डोंगर. "जन्मभर लोकांना डोंगरांची चित्रं पोचवली. आता खरे बघायचे," तो म्हणाला. लोर्नाने फार उत्साह दाखवला नाही, पण जर्दाळूचं सारण भरून 'कोलाचे' नावाचे टोपलीभर गोड पाव भाजले, आणि सप्टेंबरातल्या एका सकाळी दोघं आपल्या जुन्या पिकअपमधून निघाली. हद्दीची पाटी मागे पडली तेव्हा लोर्नाने एकदा वळून पाहिलं.

पुढचे दोन दिवस मिलोची पार दमछाक झाली. गाडी चालवण्याने नव्हे, बायकोला देखावे दाखवण्याने.

"अगं, ती बघ हरणं! केवढा कळप!"

"हं. इथल्या डांबराचा जोड उखडलाय."

दक्षिण डाकोटात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबडे-पांढरे पट्टे असलेले उंच कडे लागले. लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. लोर्ना उतरली आणि रस्त्याकडेचा चर बघत उभी राहिली.

"आपण रस्ता बघायला नाही आलो गं," मिलो काकुळतीला येऊन म्हणाला. "रस्त्यावरून काय दिसतं ते बघायला आलोय."

"बघतेय की."

"मग सांग, काय दिसलं?"

लोर्नाने जरा विचार केला. "डावीकडचा चर तुंबलाय."

मिलो आधी हसला. दुपारपर्यंत मात्र त्याचं तोंड फुगलं होतं. लोर्नालाही वाईट वाटत होतं. मुद्दाम का ती असं करत होती? साठ-पासष्टच्या वेगाने बाहेरचं सगळं नुसतं पळत होतं. डोळा कशावर टेकवावा तेच तिला कळत नव्हतं. टेकायचा तो सवयीने रस्त्यावर.

तिसऱ्या दिवशी, मोंटानात शिरल्यावर, मिलोने नकाशात बघून एक खडीचा रस्ता धरला. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, त्यामुळे धूळ नव्हती. पण रस्त्यावर आडव्या वळ्याच वळ्या, एकीला लागून दुसरी. गाडी अशी थडथडायला लागली की बोलताना जीभ चावली जाईल. अर्धा मैल असाच गेला. मग समोरून पिवळा ग्रेडर येताना दिसला, चांगला धावत.

"थांबव," ती म्हणाली.

"लोर्ना, नको. हा आपला तालुका नाही."

"थांबव म्हटलं ना!"

ती उतरली आणि हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ग्रेडर करकरत थांबला. वरून साठीकडे झुकलेला एक माणूस वाकून म्हणाला, "काय हो बाई, रस्ता चुकलात?"

"मी नाही, तुम्ही चुकताय. एवढ्या वेगाने पातं उड्या मारतं. वळ्यांची नुसती टोकं कापली जातात, बूड तसंच राहतं. आठ दिवसांत त्या परत येतात की नाही?"

माणसाने टोपी मागे सारली. त्याचं नाव वेंडेल. एकोणीस वर्षांत त्याला रस्त्यात अडवून कुणी असं सुनावलं नव्हतं.

"येतात," तो म्हणाला. "माझ्या वाट्याला तीनशे मैल आहेत बाई. सावकाश जायला सवड कुणाला?"

"काल पाऊस झालाय, जमिनीत ओल आहे. आज खोल कापा, महिनाभर बघायला नको. एकदा सावकाश जाल तर तीनदा यावं लागणार नाही."

"फार कळतंय तुम्हाला. मग या की वर, दाखवा करून!"

तो टोमणा होता. पण लोर्ना तोवर शिडीची दुसरी पायरी चढली होती. वेंडेलने मिलोकडे पाहिलं. मिलोने खांदे उडवले. "द्या तिला. नाहीतर मला डोंगरापर्यंत ऐकावं लागेल."

पहिला पाव मैल यंत्राची खोड ओळखण्यात गेला. याचे दांडे जरा सैल होते, पातं डावीकडे जास्त झुकायचं. मग हातांना लय सापडली. पातं वळ्यांच्या बुडाशी उतरलं, ओली खडी कडेने दोरखंडासारखी पीळ घालत निघाली. आता हात आपले आपण चालू लागले, तशी लोर्नाने मान वर केली.

केवढं होतं सगळं! पिकलेलं गवत पार आभाळापर्यंत गेलं होतं आणि वारा त्याच्यावरून हात फिरवत होता. कुंपणाच्या खांबावर एक ससाणा बसला होता, ग्रेडर जवळून गेला तरी हलला नाही. खाली ओढ्याच्या काठची झाडं तेवढीच पिवळीधमक. लोर्नाला आपण हसतोय हे बऱ्याच वेळाने कळलं.

मागून पिकअप रांगत येत होती. वेंडेल मिलोच्या शेजारी बसून कोलाचे खात होता. दोन मैलांनंतर लोर्ना खाली उतरली तेव्हा त्याचा चौथा चालू होता. उतरून त्याने बुटाच्या टाचेने रस्ता दाबून पाहिला, वाकून कडेची खडी पाहिली.

"तालुक्याला सांगू का, तुम्हाला ठेवून घ्या म्हणून?"

"मी निवृत्त झालेय."

"दिसतंय ते," वेंडेल म्हणाला आणि मोठ्याने हसला. निघताना मात्र तो अगदी बैलगाडीच्या चालीने निघाला.

लोर्ना गाडीत बसली. "मिलो, ओढ्याकाठची झाडं पिवळी झालीत, पाहिलीस? आणि तो ससाणा?"

"कुठला ससाणा? मी रस्ता बघत होतो. काय गुळगुळीत केलायस गं!"

मग दोघांनाही हसू आवरेना.

त्यानंतर मिलोने मोठा रस्ता सोडूनच दिला. तिसाच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही असं ठरलं. मनात येईल तिथे थांबायचं, गुरं आडवी आली तर ती जाईपर्यंत बसून राहायचं. आता लोर्नाच त्याला दाखवायची, ते तळं बघ, ती पडकी शाळा बघ. डोंगर गाठायला ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त लागले.

पाचव्या दिवशी दुपारी ती जागी झाली तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. चालत्या गाडीत तिला कधी झोप लागली नव्हती. मिलो बाहेर बॉनेटला टेकून उभा होता आणि त्याच्यासमोर, सगळ्या क्षितिजावर, बर्फ पडलेले डोंगर.

लोर्ना उतरून त्याच्याशेजारी उभी राहिली. "कधीपासून थांबलायस?"

"झाला असेल पाऊण तास."

"मग उठवायचं नाही का मला?"

"पळून थोडेच जाणार होते ते," मिलो म्हणाला आणि तिला टेकता यावं म्हणून बाजूला सरकला.