मगर बघायला गेलो तो दिवस

दुपारचं जेवण आटोपून मी कुशीवर पडते. हे माझ्या मुलीचं, वृषालीचं, पुण्यातलं घर. तिसरा मजला. माझे यजमान गेले त्याला अकरा महिने झाले, तेव्हापासून मी इथेच आहे. डोळे मिटतात, पण झोप अजून लागलेली नाही. स्वयंपाकघरात वृषाली कढई घासतेय. खर्र, खर्र. ऐकता ऐकता तो आवाज कढईचा राहत नाही.

होडीच्या बुडाला चिकटलेले शिंपले कोणीतरी खरवडतंय.

मी बघते तर आमच्या गावचा, वाशिष्ठी नदीचा काठ आहे आणि हे उकिडवे बसलेत. अंगात गंजीफ्रॉक, कमरेला पंचा, हातात बोथट कोयता. उपडी घातलेली आमची होडी उन्हात तापलीय.

"आलीस?" हे मान वर न करताच म्हणतात. "कापूस आण. ही फट मोठी झालीय."

हे गेलेत, हे मला माहीत आहे. तरी मी कापूस आणते. पावसाळा सरला की दरवर्षी आमचा एक दिवस असाच जायचा. हे खरवडायचे, मी फटींत कापूस ठासायचे आणि भरती आली की होडी लोटून नदीत वरपर्यंत एक फेरी मारायची. घाई कसलीच नसायची. ह्यांनी तीस वर्षं लाँचवर इंजिन सांभाळलं. निवृत्तीनंतर ही होडी घेतली ती फक्त आम्हा दोघांसाठी.

"डावा हात जड झालाय गं," हे म्हणतात.

कापूस ठासता ठासता मी थांबते. हे गेले त्या दिवशीही हे असंच बोलले होते, याच जागी, आणि मी हसून म्हटलं होतं, "खरवडायची वेळ आली की दरवर्षी तुमचा कुठला ना कुठला हात जड होतो." आज मला दुसरंच बोलायचंय. उठा, डॉक्टरांकडे जाऊ. मी तोंड उघडते आणि बाहेर तेच पडतं, शब्द न् शब्द.

हे हसतात आणि कोयता खाली ठेवतात.

होडी पाण्यात आहे. कधी लोटली, कळत नाही. दोन्ही काठांना तिवरांची झाडी. हे वल्ही मारतायत, कपाळ घामाने निथळतंय.

"परतू या?" हे विचारतात.

"एवढ्यात? मगर कुठे दिसलीय अजून?" हा माझाच आवाज, लाडात आलेला. "त्या वळणापर्यंत चला ना."

त्या वळणावर मगरी ऊन खात पडतात. त्या दिवशी एक होती, जबडा वासून. मी टाळ्या पिटल्या होत्या. परतीच्या वाटेवर वल्हं ह्यांच्या हातून सुटलं आणि मी एकटीने होडी काठाला आणली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आज आम्ही वळण घेतो आणि काठ दिसत नाहीत. दोन्हीकडे हॉस्पिटलच्या फिकट हिरव्या भिंती, मधल्या पाण्यातून आमची होडी चाललीय. भिंतीलगतच्या बाकावर डॉक्टर, शेजारी वृषाली, प्रवासातून तशीच आलेली. डॉक्टर विचारतात, "आधी काही त्रास होतोय म्हणाले होते का?"

"नाही," मी सांगते. "काहीच बोलले नाहीत."

"बाबा कायम असेच," वृषाली दात आवळून म्हणते. "दुखणं लपवायचं. आमचा विचारच नाही."

होडी पुढे सरकते. हे वल्ही थांबवतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

"बोललो होतो की मी," हे हळूच म्हणतात.

"खरं सांगायची भीती वाटली हो," मी म्हणते. "पोरगी म्हणाली असती, आई, बाबांचा हात दुखत होता आणि तू मगर बघत बसलीस."

"म्हणेलही."

"तुम्ही मला माफ केलंत?"

हे पुन्हा वल्ही उचलतात. "मगर मलाही बघायची होती. दुखणं माझं होतं, मलाही कळायला हवं होतं. ते जाऊ दे. पण पोरगी अकरा महिने माझ्यावर रुसलीय, कुमुद. मी न केलेल्या गोष्टीसाठी."

हे होडी काठाला लावतात.

"उतर. मला पुढे जायचंय."

"मीपण येते."

"उतर गं."

मी उतरते. पाय घोट्यापर्यंत चिखलात रुततात. चिखल गार आहे, गुळगुळीत. वळून बघेपर्यंत होडी दिसेनाशी झालेली असते.

जाग येते तेव्हा वृषाली पलंगाशी उभी आहे, हातात चहाचा कप. ती माझ्या पायांकडे बघतेय.

"आई, हे काय गं?"

पायथ्याशी चादरीवर करडा डाग पसरलाय. माझ्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत ओला चिखल आहे आणि खोलीभर त्याचा खारट, कुबट वास. सकाळपासून मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

ती फडकं आणायला वळते. मी तिचं मनगट धरते.

"राहू दे ते. आधी बस इथे," मी म्हणते. "तुझे बाबा त्या दिवशी बोलले होते."