तोंडावरची जाळी

“ती जाळी हिनं घातली, तर मी घालणार नाही.”

शाळेच्या मैदानावर वकिलाची मुलगी सरांना म्हणाली. हिनं म्हणजे मी. वस्तीतली. सॉफ्टबॉलच्या संघात आम्ही दोघी कॅचर, बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या, आणि तोंडावर बांधायची लोखंडी जाळी एकच. सर मला म्हणाले, “तू राहू दे गं. तुम्ही लोक काटक असता.”

आणि मी खूश! उघड्या तोंडानं बॅटरच्या मागे बसले. बावळट कुठली. अपमानाला पदक समजून मिरवणारी. एक चेंडू बॅटची कड घेऊन आला आणि माझे पुढचे दात घेऊन गेला. तरी मी जागची हलले नाही, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रक्ताळल्या तोंडानं हसले. काय बघून हसले, देव जाणे.

परवा कर्वेनगरच्या मैदानावर नातीचा बेसबॉलचा सामना होता. तीही कॅचरच. क्लबनं नवा संच आणलेला. हेल्मेट, छातीचं कवच, पायांची पॅड. नातीनं नवं हेल्मेट उचललं, तोच दुसऱ्या कॅचरची आई पुढे आली. डॉक्टरीणबाई.

“सर, आमचीला स्किनची ॲलर्जी आहे. तिचं वेगळं ठेवा ना, प्लीज.”

वा! तेच वाक्य, फक्त ड्रायक्लीन करून आणलेलं.

कोचनं नातीपुढे जुना संच सरकवला. मी हेल्मेटचा पट्टा आवळला आणि तिला मान हलवायला सांगितलं. मान डावीकडे वळली, हेल्मेट समोरच बघत राहिलं. कवच पोटावर उतरलेलं, गळ्याखालची हाडं उघडी.

“चालेल गं आजी,” नात पुटपुटली.

हुबेहूब मी. तीच बावळट.

“अहो आजी, काटक आहे तुमची पोरगी,” कोच म्हणाला.

मी कवळी काढली. त्याच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवली.

“हा घ्या काटकपणा. बघा, बसतोय का तुम्हाला.”

डॉक्टरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. ॲलर्जी असेल.

मग मी मैदानात गेले. बॅटरजवळ जमिनीत बसवलेली ती पांढरी होम प्लेट, तिच्यावर फतकल मारली. सामना अडला. पंच धावत आला.

“आजी, उठा हो.”

“उठते की. नातीच्या डोक्यावर घट्ट बसणारं हेल्मेट आणा. तोवर इथे चेंडू पडणार नाही.”

नात लांबून बघत होती. मग आली, जुनं हेल्मेट कोचच्या पायाशी ठेवलं आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसली.

ऊन चढलं. गुडघे बोंबलायला लागले. बोंबलू दिले.

आमच्या घरातला एकही दात आता यांच्या टाळ्यांसाठी पडणार नाही.