मेहुणीच्या साखरपुड्याला मी पळत गेलो

माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाची अंगठी माझ्या बोटात होती आणि ती काढायला दोन्हीकडची मिळून अकरा माणसं लागली.

हे मी स्वतःहून कुणाला सांगत नाही. सांगायची वेळच येत नाही. शिरूरपासून दौंडपर्यंतच्या आमच्या सगळ्या नातलगांना ते पाठ आहे आणि सांगताना ते अकरा माणसांची सोळा करतात.

मी शिरूरच्या एका हायस्कुलात आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. चाळिशीत साखर जराशी वाढली म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालण्यावरून मी पळण्यावर गेलो आणि पळण्यावरून अल्ट्रा नावाच्या प्रकारावर. म्हणजे शहाणी माणसं मॅरेथॉन संपली की जिथं थांबतात, तिथून आपण पुढं पळत राहायचं. तेही डांबरी रस्ता सोडून, बांधावरून, कालव्याच्या कडेनं, काट्याकुट्यातून. माझ्या वेगाबद्दल एवढंच सांगतो, की घोडनदीच्या काठाला एकदा शेरडं राखणारी एक म्हातारी मला मागं टाकून गेली. (शेरडं वाटेत चरत होती, तरी.)

तर धाकटी मेहुणी स्वाती, तिचा साखरपुडा. सासुरवाडी दौंड तालुक्यात, भीमेच्या पलीकडं. बायको, मनीषा, पोरांना आणि माझ्या कपड्यांना घेऊन दोन दिवस आधीच माहेरी गेली होती. नवऱ्या मुलाची अंगठी शिरूरच्या ओळखीच्या सोनाराकडं केली होती. ती ताब्यात घेऊन वेळेवर पोचवायची, एवढंच काम थोरला जावई म्हणून माझ्याकडं होतं.

आदल्या संध्याकाळी मनीषाचा फोन आला.

"उद्या कितीला निघताय?"

"पहाटे चारला."

"एवढ्या लवकर यस्टी हाय?"

"मी पळत येतोय."

फोनवर तिच्याकडचा पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"साखरपुड्याला?"

"पन्नासच किलोमीटर आहे. साडेदहाला पोचतो. मुहूर्त बारा चाळीसचा आहे ना?"

"आन् अंगठी?"

"ती पण येईल माझ्याबरोबर पळत."

हा विनोद होता. ती हसली नाही. तिनं फोन तिच्या वडिलांकडं दिला. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांना मात्र ही गोष्ट फार आवडली. "या या," म्हणाले, "पाव्हण्यांना सांगतो, आमचं जावई शिरूरवरनं पळत येत्यात." आणि त्यांनी खरंच सगळ्यांना सांगितलं. इथून माझी परतीची वाट बंद झाली.

पहाटे निघालो. अंगठी डबीसकट पाठीवरच्या पिशवीत. ती डबी पावलापावलाला बरगडीवर टकटक करायला लागली. न्हावऱ्याच्या अलीकडं डबी काढली, नुसती अंगठी छातीवरच्या चेनच्या कप्प्यात ठेवली. न्हावऱ्याच्या पलीकडं खजूर काढताना त्या कप्प्याची चेन तुटली. आता अंगठी ठेवायची कुठं? विचार केला, अंगठी ठेवायला देवानं माणसाला जागा दिलेलीच आहे. बोटात घातली. सरळ गेली. उलट थोडी ढिलीच होती.

ऊन चढलं. वावरात औषध फवारणाऱ्या एका आप्पांनी पंप थांबवून मला विचारलं,

"कोन लागलंय मागं?"

"कोणी नाही. साखरपुड्याला चाललोय."

"पळत?"

"हो."

"पोरगी पळून जायाची भीती हाय का काय?"

मांडवगणच्या पुढं नदीकडं जाणारा जवळचा रस्ता एकानं दाखवला. तो उसात शिरला आणि उसातच संपला. दीड तास मी त्या उसात होतो. पाचटानं हात-तोंड खरवडून निघालं. बाहेर आलो तो ज्या विहिरीपासून आत शिरलो होतो, तिथंच. तहान लागली म्हणून घटाघटा पाणी प्यायलो, पुढच्या मळ्यात परत प्यायलो. आणि नदीचा पूल ओलांडताना सहज हाताकडं पाहिलं.

बोटं सुजली होती. तासन्‌तास उन्हात पळालं, हात लोंबते राहिले आणि वर पाणी फार प्यायलं, की बोटं सुजतात, हे सगळ्या पळणाऱ्यांना माहीत असतं. मलाही होतं. पदार्थ उष्णतेनं प्रसरण पावतात हा धडा मी दर वर्षी मुलांना शिकवतो, पण त्यात सोनं किती आणि बोट किती, असं कधी विचारलेलं नसतं. अंगठी ओढून पाहिली. ती हलली नाही. म्हटलं, सावलीत गेल्यावर निघेल.

बारा वाजून दहा मिनिटांनी मी मांडवात शिरलो. मामांनी हलगीवाला उभा केला होता. पाव्हणे मंडळी खुर्च्या सोडून फाटकाशी आली होती. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला आणि, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी दोन्ही हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला. त्या वर केलेल्या हाताकडं मनीषाचं लक्ष गेलं.

"अंगठी बोटात का घातलीय?"

"सुरक्षित राहावी म्हणून."

"काढा."

"काढतो. जरा पाणी..."

"आत्ता काढा."

साबण आला. मग खोबरेल तेल आलं. मग सासूबाईंनी पंक्तीचं तूप दिलं. एक मेहुणा मला मागून धरून बसला, दुसरा पुढून ओढत होता. बोट पहिल्यापेक्षा जाड झालं आणि वांग्याच्या रंगाचं दिसायला लागलं. आचाऱ्यानं येऊन बोट दाबून पाहिलं आणि तो भट्टीकडं परत गेला. भटजी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

नवऱ्या मुलाचे चुलते शांतपणे म्हणाले, "अंगठी थोरल्या जावयाला बसलीच हाय, तर आमच्या अमोलला काय घालायचा इचार हाय?"

हसू उसळलं. मीही हसलो. मग पाहिलं तर मामा हसत नव्हते. रेशमी फेटा बांधलेला तो माणूस हात जोडून व्याह्यांसमोर उभा होता आणि "चूक झाली, सांभाळून घ्या," म्हणत होता. चूक माझी होती. शेवटी अमोलच्या वडिलांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून मामांच्या हातावर ठेवली. आमच्याकडून मुलाला घालायची अंगठी मुलाच्याच बापाकडून घ्यावी लागली. मामांनी ती खाली मान घालून घेतली.

स्वाती पाटावर जाताना माझ्यापाशी थांबली. डोळे भरलेले, आवाज अगदी हळू.

"दाजी, आजच्या दिवशी तरी गाडीनं यायचं व्हतं."

मी मान हलवली आणि तिला वाट करून दिली.

साखरपुडा झाला. कपडे बदलायला सवडच मिळाली नव्हती, त्यामुळं मी मागच्या रांगेत, अर्ध्या चड्डीतच, गळ्यात हार आणि उजवा हात वर करून बसलो होतो. अमोलच्या आत्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, त्यांनीच सूज उतरायला हात वर धरून ठेवायला सांगितलं होतं. फोटोग्राफर प्रत्येक फोटोच्या आधी मला विचारायचा, "सर, काही बोलायचंय का?"

पंगत बसली तेव्हा आत्या थंड पेयांच्या टबातला बर्फ घेऊन आल्या. बोट गार केलं. माझ्याच हारातला दोरा काढून अंगठीपासून नखापर्यंत घट्ट गुंडाळला, मागचं टोक अंगठीखालून घेतलं आणि तिथून सोडवत आणला, तशी अंगठी दोऱ्यावरून पुढं सरकत गेली. डोळ्यांतून पाणी आलं. "मास्तर, ओरडू नका, पोरं बघत्यात," त्या म्हणाल्या. अंगठी निघाली. ती धुऊन मी स्वतः पंगतीत नेली. स्वातीनं हात पुसून ती घेतली आणि जिलबी खात असलेल्या अमोलच्या बोटात घातली. अमोलला ती थोडी ढिली झाली.

मामांची मी वाकून माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या, जेवून घ्या." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या असत्या.

दोन महिन्यांनी लग्न. मला आदल्या दिवशीच गाडी पाठवून नेलं, बसलो का ते ड्रायव्हरला फोन करून विचारलं. मौल्यवान वस्तू हाताळायच्या नाहीत, मुहूर्ताशी संबंध येईल असं काही करायचं नाही, असं ठरवून मला मांडवाच्या दारात वऱ्हाडाच्या चपला राखायला बसवलं. मी अगदी मन लावून राखल्या. अक्षता पडत होत्या तेवढ्यात एक पोरगा एक जोड घालून सुटला.

"अवं दाजी, धरा त्याला," सगळा मांडव माझ्याकडं बघून म्हणाला. अब्रू परत मिळवायची संधी समोर पळत होती. मी अनवाणी सुटलो. पार कालव्यापर्यंत गेलो, पण तो हाताला लागला नाही.

त्यात नवल नाही. माझे पळायचे बूट त्याच्या पायात होते आणि ते इतके जोरात पळू शकतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.