एच नसलेला सुभेदार

मी चार महिने फौजेत होतो. फक्त बहरीनमधल्या अदलियातल्या एका हॉटेलात आणि फक्त जेवणाच्या वेळेला, पण होतो. आयुष्यात मी एकही गोळी झाडलेली नाही (गिळल्या पुष्कळ, पित्तावरच्या), तरी तिथे माझ्यासाठी खुर्ची मागे ओढली जायची, न मागता पापड यायचा आणि बिलावर वीस टक्के सूट मिळायची.

दोष आडनावाचा. आम्ही सुभेदार. कुठल्या पूर्वजाने कुठला सुभा सांभाळला देव जाणे! मला माहीत असलेल्या पिढ्यांपैकी आजोबा पोस्टात होते, वडील नगरपालिकेच्या पाणीखात्यात, आणि मी मुहर्रकला विमानतळाशेजारच्या कार्गो ऑफिसात खोक्यांवरची लेबलं तपासतो.

पण याच आडनावाने मला बायको मिळवून दिली. माझे सासरे आप्पा, साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. मध्यस्थाने त्यांना सांगितलं, "सुभेदारांचा मुलगा आहे." आप्पांना ते आडनाव वाटलंच नाही. हवालदाराच्या पोरीला सुभेदाराचं घर, म्हणजे दोन पायऱ्या वर! ते बूट चमकवून आमच्याकडे आले आणि वडिलांना पहिलाच प्रश्न विचारला, "कुठली पलटण?" वडील म्हणाले, "वॉर्ड नंबर चार." तोवर पोहे खाऊन झाले होते आणि शुभांगीने मला पसंत करून टाकलं होतं, त्यामुळे आप्पांना माघार घेता आली नाही.

मात्र त्यानंतर अठरा वर्षांत त्यांनी मला एकदाही सुभेदार म्हटलं नाही. "जावईबापू" म्हणतात. का, ते एकदा विचारलं तर म्हणाले, "सुभेदारकी आडनावात मिळत न्हाई, जावईबापू. कमवावी लागती." ते स्वतः हवालदारकीवरच थांबले, त्याची सल त्यांच्या मनात आहे. तरीही त्यांच्या तोंडून एकदा तो शब्द ऐकावा, ही माझी जुनी हौस. त्यांनी मला कधी वाईट वागवलं नाही, पण आपण त्यांच्या हिशेबी जरा कमी पडलो, हे मला दर दिवाळीला जाणवतं.

आता वर्दीचं सांगतो. बहरीनमधल्या आपल्या लोकांचं एक प्रथमोपचार पथक आहे, त्यात मी स्वयंसेवक. गणपती, शाळेचा क्रीडादिन, रक्तदान, कुठेही कुणाला चक्कर आली की आम्ही धावतो (आधी माणूस पडतो, मग आम्ही पोचतो). "शिस्त दिसली पाहिजे," असं पथकप्रमुखांनी ठरवलं आणि मनामाच्या एका शिंप्याकडे वर्द्या शिवायला टाकल्या. तो सिक्युरिटीवाल्यांचे कपडे शिवायचा. त्याने तोच कागद ठेवून कापड कापलं. निळा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, खिशावर नावाची पाटी! माझ्या पाटीवर मात्र नाव मावेना. "साब, पट्टी छोटी, नाम बड़ा," म्हणत त्याने मधला एच काढून टाकला. झालं! इंग्रजीत मी आता आडनावाने नव्हे, हुद्द्याने सुबेदार झालो होतो.

पहिल्या शुक्रवारी ड्यूटी संपवून मी तसाच वर्दीत शुभांगी आणि आमची मुलगी सई यांना घेऊन अदलियाला जेवायला गेलो. त्या हॉटेलच्या दारावर नौदलाच्या बोटींवरच्या खलाशांसाठी एक पाटी आहे: 'वर्दीतल्या फौजींना वीस टक्के सूट'. आणि पाटीखाली उभा होता गोपालसिंग. गढवालचा, फौजेतून शिपाई म्हणून निवृत्त, आता दारावर पाहुण्यांचं स्वागत करणारा. त्याने माझ्या खिशाकडे पाहिलं आणि टाचा जुळवल्या.

"जय हिंद, सुबेदार साब!"

माणसाने अशा वेळी काय करावं? मी सॅल्यूट ठोकला. डाव्या हाताने. उजव्या हातात प्रथमोपचाराची पेटी होती!

बिलात सूट आली तेव्हा मी "अरे, नको नको" म्हटलं. पण ते आपण पंगतीत दुसऱ्या जिलबीला म्हणतो तसं, पानावर हात आडवा धरून, बोटांत फटी ठेवून. गोपालसिंगनेही वाढप्याचा धर्म पाळला. "लेना पड़ेगा, साब!" आता तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

गाडीत शुभांगी म्हणाली, "तू त्याला खरं का नाही सांगितलंस?" (आमच्यात एकेरी चालतं. आप्पा असले की ती मला 'अहो' करते आणि मी दचकतो.)

"मी 'हो' कुठे म्हटलं?"

"'नाही' तरी कुठे म्हटलंस?"

"भूक लागली होती गं."

मागच्या सीटवरून आमची अकरा वर्षांची सई म्हणाली, "बाबा, दॅट्स लिटरली फ्रॉड."

"तू ते फुकटचे गुलाबजाम संपव आधी!" मी म्हटलं.

पुढे दर ड्यूटीनंतर आम्ही तिथेच जाऊ लागलो. मी गोपालसिंगशी एक शब्द खोटा बोललो नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो (पाटी झाकली जाते). त्याने विचारलं, "साब, पोस्टिंग कहाँ?" मी म्हटलं, "मुहर्रक." खरं! "काम?" "माल इधर से उधर भेजना." खरं! "अच्छा, सप्लाय!" तो म्हणाला. एकदा मी लंगडत आलो. त्याने विचारलं, "टांग को क्या हुआ, साब?" आदल्या दिवशी सईने फ्रीजरमधला बर्फ फरशीवर सांडला होता. मी म्हटलं, "बर्फ पे फिसल गया."

गोपालसिंगचे डोळे भरून आले.

"बर्फ! साब... सियाचिन?"

"नहीं, नहीं, घर पे."

"हाँ साब," तो गदगदून म्हणाला, "फौजी के लिए वही घर है."

त्या दिवशी आम्हाला बिर्याणीत एक तंगडी जास्त आली.

आणि मग व्हिजिट व्हिसावर आप्पा आले! मी वर्दी कपाटात खोल लपवली. पण नेमका त्याच आठवड्यात शाळेचा क्रीडादिन. आप्पा माझ्याबरोबर मैदानावर आले, एका खुर्चीत ताठ बसले आणि दिवसभर माझ्याकडे बघत राहिले. मी सात गुडघे पुसले, दोन नाकं दाबली आणि एका पालकाला ग्लुकोज पाजलं. निघताना आप्पा माझ्या कॉलरचं बटण लावून म्हणाले, "वर्दी घातली की समदी बटणं लावायची."

जेवायला कुठे जायचं? मी घाईघाईने म्हटलं, "हमद टाउनला जाऊ! तिथे एक नवीन झालंय."

"बट बाबा," सई म्हणाली, "इन अदलिया वी गेट ट्वेंटी परसेंट!"

"काय म्हणती पोर?" आप्पांनी विचारलं.

"म्हणते, अदलियाचं जेवण वीस टक्के जास्त चांगलं असतं."

"मंग तिकडंच चला की. पोरीचं मन मोडू नगा."

शुभांगीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने गाडी अदलियाकडे वळवली. वर्दी बदलायला कपडे नव्हते. वाटेत मी खिशावरची पाटी ओढून पाहिली. शिंप्याने नेमकी तेवढीच घट्ट शिवली होती!

दारात गोपालसिंग उभाच.

"जय हिंद, सुबेदार साब!"

माझ्या मागे खाडकन आवाज झाला. मी वळून पाहिलं, तर आप्पांच्या टाचा जुळल्या होत्या! चाळीस वर्षांची सवय, कान ऐकतात आणि पाय पाळतात. गोपालसिंगने तो आवाज ओळखला.

"आप भी फौजी, बाबूजी?"

"हवालदार," आप्पा म्हणाले.

"वाह! तो सुबेदार साब इधर," त्याने माझं बकोटं धरून मला टेबलाच्या मुख्य खुर्चीकडे नेलं, "और हवालदार साब, आप उधर." आणि आप्पांना कोपऱ्यातल्या, दाराला पाठ असलेल्या खुर्चीवर बसवलं. आप्पा बसले. फौजेत खुर्ची हुद्द्याने मिळते, त्यावर वाद घालायचा नसतो.

शुभांगी दात आवळून कुजबुजली, "अहो!" मी दचकलो.

आप्पांनी शांतपणे भाकरीचा असल्यासारखा नानचा तुकडा मोडला. "जावईबापू, ह्यो गडी तुमाला काय म्हनला?"

"आडनावाने हाक मारतो तो, आप्पा."

"आडनावाला जय हिंद घालतो?"

एवढ्यात गोपालसिंग पापड घेऊन आलाच आणि आप्पांना म्हणाला, "हवालदार साब, आपको तो पता होगा, हमारे सुबेदार साब की टांग बर्फ में गई थी."

"कंच्या बर्फात?" आप्पांनी मला विचारलं.

"फ्रीजरच्या," सई म्हणाली. अकरा वर्षांत पोरगी पहिल्यांदा मराठीत बोलली, ती नेमकी आत्ता!

गोपालसिंगला मराठी कळत नव्हती म्हणून मी वाचलो. पण नशीब असं की त्याला त्याच दिवशी आणखी एक गोष्ट सुचली होती. भिंतीवर तिथे जेवून गेलेल्या खलाशांचे फोटो लावलेले आहेत. मालकांच्या परवानगीने तो आज माझा फोटो काढून तिथे लावणार होता. खाली हुद्द्यासकट!

"यल्ला साब, चलिए, सीधे बैठिए." त्याने मोबाइल डोळ्यांसमोर धरला, जरा मागे सरकला, आणि म्हणाला, "हवालदार साब, आप ज़रा हट जाइए. फ्रेम में आ रहे हैं."

आप्पा उठले. खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि भिंतीला लागून ताठ उभे राहिले.

मला ते बघवलं नाही. ज्या माणसाने खऱ्या बर्फात हिवाळे काढले, तो माझ्या फोटोतून बाहेर सरकत होता, आणि मी पापड खात होतो! मी उभा राहिलो.

"गोपालसिंगजी, मैं सुभेदार नहीं हूँ. मतलब, हूँ. लेकिन नहीं हूँ."

"समझा नहीं, साब."

"सुभेदार खाली नाम है. मेरे पिताजी भी सुभेदार थे."

"पिताजी भी! कौन सी रेजिमेंट?"

"रेजिमेंट मफी! नहीं है! वो पानी डिपार्टमेंट में थे."

"अच्छा, नेव्ही!"

"अहो नेव्ही नाही! नळ! और दादाजी भी सुभेदार थे, लेकिन वो पोस्ट में थे."

"कौन सी पोस्ट? बॉर्डर पे?"

"लिफाफेवाली पोस्ट!"

पण गोपालसिंगने ते ऐकलंच नाही. "तीन पीढ़ियाँ!" तो सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असा ओरडला, आणि पलीकडच्या टेबलावरच्या दोन गोऱ्या खलाशांनी उठून टाळ्या वाजवल्या. मी जितकं खरं सांगत होतो तितकी माझी बढती होत होती. आणखी दोन वाक्यांत मी जनरल झालो असतो!

शेवटी भिंतीजवळून आप्पांचा आवाज आला. "गोपालसिंग! सावधान!"

गोपालसिंग सावधान झाला. मीही झालो. खलाशीसुद्धा टाळ्या थांबवून सरळ उभे राहिले.

"ये मेरा दामाद है," आप्पा म्हणाले. "फौजी नहीं. सिविलियन. बच्चों के घुटने को पट्टी बांधता है. पगार नहीं लेता. सुभेदार इसका सरनेम है. मैं भी एक बार फस गया था."

गोपालसिंगने माझ्याकडे, मग पाटीकडे पाहिलं. "और वो सल्यूट..." तो हळूच म्हणाला, "पहले दिन मैं सोचा, साब का दाहिना हाथ भी ज़ख्मी होगा."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी पूर्वीच्या सगळ्या सवलती परत करायला निघालो, तर तो घेईना. मी आग्रह केला, तो "नहीं, नहीं" म्हणाला, त्याच्याही बोटांत फटी आहेत का ते मी पाहिलं. नव्हत्या. मग आप्पांनी निकाल दिला. "जावईबापू, पुढल्या शुक्रवारी यायचं आनि हितल्या समद्या पोरांना पट्टी बांधायला शिकवायचं. खलास!" शिवाय त्या दिवशी गोपालसिंगने आप्पांना सूट देऊ केली, तेव्हा आप्पांनी एकदाच "नको" म्हटलं आणि पानावर हात असा ठेवला की फट नावाला नव्हती. "अंगावर वर्दी न्हाई, तर सूट न्हाई."

आप्पा मुख्य खुर्चीत बसले. भिंतीवर त्यांचा फोटो लागला, खाली 'हवालदार' असं ठसठशीत लिहिलेलं. तो मी काढला. वरच्या कोपऱ्यात जो गुलाबी ढग दिसतो, तो माझा अंगठा.

पुढच्या शुक्रवारी मी शिकवायला गेलो. पेशंट म्हणून आप्पा स्वतः दोन खुर्च्या जोडून आडवे झाले. मी आठ वेटर आणि दोन आचाऱ्यांसमोर त्यांच्या डोक्याला पट्टी बांधून दाखवली. पट्टी चाचपून आप्पा म्हणाले, "बांधनी घट हाय." माझ्याबद्दलचं त्यांचं हे पहिलं बरं वाक्य! मी इतका हरखलो की त्यांचा चष्मा आतच राहिलाय, हे घरी गेल्यावर कळलं.

ते परत निघाले तेव्हा मी विमानतळावर सोडायला गेलो, ड्यूटीवरून तसाच, वर्दीत. पाटी नवीन होती, जरा लांब, एच घातलेली. मी आप्पांची जड बॅग उचलून आतल्या दारापर्यंत नेली. तिथे ते वळले. माझी सगळी बटणं नजरेने मोजली. मग टाचा जुळवल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"येतो, सुभेदार!"

अठरा वर्षं! माझी छाती फुगली, आणि मी आयुष्यातला सगळ्यात कडक सॅल्यूट ठोकला.

आप्पांनी क्षणभर पाहिलं, माझ्या उजव्या हातातली आपली बॅग काढून घेतली आणि म्हणाले,

"हात चुकला, जावईबापू."