वासंतीबाईंच्या टेबलाचं माप

उत्तरेश्वर सुतार जागेपणी स्वप्नं बघतो, असं त्याच्या बायकोचं, नम्रताचं म्हणणं. ते काही खोटं नाही. विश्रांतवाडीहून बसमध्ये खिडकीशी बसला की समोरचा रस्ता नाहीसा होतो. फळ्या, खुंट्या, कप्पे आपापले उठून एकमेकांत बसू लागतात. आणि हा गडी दोन थांबे पुढे जाऊन उतरतो.

नारायण पेठेतल्या वासंतीबाईंचं टेबल त्याने आधी असंच बसमध्ये बांधलं होतं. बाई निवृत्त शिक्षिका. मागच्या खोलीत जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवतात. पण गोधडी जड. मशीनवरून खाली लोंबली की खांदा ओढते. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, असंच चाललं तर मशीन बंद. म्हणून हे टेबल: मधे खाच पाडून मशीन फळीच्या पातळीत बुडवलेलं, डावीकडे उघडणारी रुंद फळी, सगळा भार लाकडाने घ्यावा अशी. बाईंना खुर्चीत बसवून त्याने कोपराची उंची दोनदा मोजली होती.

टेबल आलं. बाईंनी चार शिवणी घातल्या आणि खांदा धरला.

"टेबल उत्तम आहे हो," त्या म्हणाल्या. "खांदाच टाकाऊ निघाला. तो काही तुमच्याकडे बदलून मिळायचा नाही."

हसल्या, पण डोळे भरून आले. गोधडी सुटली तर पुढचे दिवस कशाने भरायचे, ते त्यांना ठाऊक नव्हतं. उत्तरेश्वर भिंतीला टेकून खाली बसला.

"बाई, मी हितं बसतो. तुम्ही शिवा. मी न्हाईच असं समजा."

"एवढा मोठा माणूस नाही कसा समजू?"

तरी त्या शिवू लागल्या. खोलीभर दुपारचं ऊन सांडलेलं. मशीनची एकसुरी खटखट. निळा तुकडा गेला, मग हळदी, मग विटका जांभळा. उत्तरेश्वरला वाटलं, आपण नदीकाठी बसलोय आणि समोरून सगळे रंग वाहत चाललेत. डोळे मिटता मिटता त्याला दिसलं: बाईंचा डावा पाय जमिनीवरून सुटला, अलगद वर आला आणि मांडीखाली दुमडला गेला. बाई खुर्चीत चार बोटं उंच झाल्या, आणि टेबलावर वाकल्या.

माप देताना त्या परक्यासमोर बसावं तशा ताठ, दोन्ही पाय खाली सोडून बसल्या होत्या. त्याने पाहुणीचं माप घेतलं होतं.

पायाबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. बोलला असता तर बाईंनी ओशाळून पाय खाली घेतला असता. "जरा डुगडुगतंय," एवढंच सांगून त्याने चार बोटं उंचीचे सागाचे ठोकळे टेबलाच्या चारी पायांखाली बसवले.

बाई पुन्हा बसल्या. पाय वर गेला. एक शिवण झाली, दुसरी झाली, अख्खी कड झाली. शेजारी ठेवलेला चहा निवून गेला. उत्तरेश्वर हत्यारं भरत होता, पण कान मशीनकडे. दोरा संपला तेव्हा कुठे बाईंनी मान वर केली.

"अहो, तुम्ही अजून इथेच?"

"खांदा काय म्हणतोय, बाई?"

त्यांचा हात खांद्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या, "मी त्याला विसरलेच होते."